उमरेडची शेवटची एस.टी.

५ डिसेंबर १९८५

झालं एकदाचं! ठराव पास. टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या.

भैयाजी — म्हणजे नागपूरच्या मोठ्या कॉलेजचे प्राचार्य आणि आमच्या मुलींच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष — मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, "आपल्या पोरी आता टीव्हीवर दिसणार!" पंख्यांची एक कंपनी पैसा लावायला तयार आहे. दर आठवड्याला एक सामना, मधे मधे पंख्याची जाहिरात. मी इतकी वर्षं मंडळाची सेक्रेटरी. पेपरात दोन ओळी छापून याव्यात म्हणून कुणाकुणाचे उंबरठे झिजवले, ते माझं मला माहीत. आनंद होणार नाही तर काय!

मग हळूच पुढचं काढलं. कंपनीला मंडळ मोठं पाहिजे. रायपूर, जबलपूर, भोपाळ, अमरावती आत घ्यायचे. संघ मात्र सहाच. म्हणजे आमच्या जुन्या सहा कॉलेजांपैकी चौघांना नारळ! "उमरेड-पारशिवनीचं नाव ऐकून पंखा कोण घेईल, शामलाबाई?" भैयाजी हसले. सगळे हसले. पारशिवनीचे वामनराव समोरच बसले होते, तेही हसले बिचारे.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, निदान एक जागा तरी खेळून ठरू द्या! तुमच्या कॉलेजची पक्की, ठीक आहे, तुम्ही अध्यक्ष. दुसरी यंदा कप जिंकेल त्याची. मग ते गाव कोणतंही असो. भैयाजींनी चष्मा पुसला, म्हणाले, "लिहा, लिहा. नियम म्हणजे नियम." त्यांना वाटलं असणार, कप नागपूर सोडून जातो कुठं!

मलाही तेच वाटत होतं. गेली तीन वर्षं कप माझ्या कॉलेजकडे आहे.

८ डिसेंबर

यमुताईला सांगितलं. "टीव्हीवर पोरी दाखवतील? कोण्या कपड्यात वं?" म्हटलं, फुल पँट. "मंग कोण पाह्यते!" आणि हसत सुटली. थोरली बहीण आहे म्हणून ऐकून घेतलं, नाहीतर —

१४ जानेवारी १९८६

संक्रांत. तिळगुळ बाजूला, आज मोठी बातमी! उमरेडच्या पोरींनी भैयाजींच्या कॉलेजला लोळवलं. सेमीफायनल उमरेडच्या मैदानावर होती, मी पंच म्हणून गेले होते. मैदान पोरींनी स्वतः चोपलेलं, पाणी मारलेलं. शाळेच्या भिंतीवर पोरंटोरं, बाया, म्हातारे — मुंगी शिरायला जागा नाही.

त्यांची रुख्मिणी! बुटकी, काटक, कोष्ट्याची पोर. कोपऱ्यात अशी उभी राहते की हिचं लक्षच नाही. आणि चढाईवाली जरा पाय पुढे टाकते न टाकते तोच घोटा हिच्या हातात! सकाळी बापाच्या मागासाठी कांड्या भरायच्या, मग कॉलेज, मग मैदान. हाताला सुताचं वळण आहे, म्हणते. काय असेल ते असो.

आमच्या मंडळाची जुनी रीत — सामना झाला की दोन्ही संघ एका पंगतीत जेवतात, हरलेल्यांनी वाढायचं. भैयाजींच्या पोरी नाक फेंदारून झुणका वाढत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी. हरल्यामुळे की झुणक्याच्या तिखटामुळे, देव जाणे!

फायनल आता आमची आणि उमरेडची. आठ फेब्रुवारीला, नागपुरात. टीव्हीवाले पहिलं शूटिंग त्याचंच करणार. जिंकेल तो मंडळात राहील, दुसरा बाहेर. मीच घातलेला नियम, आणि मीच अडकले!

२ फेब्रुवारी, रविवार

उमरेडला जाऊन आले. त्यांच्या कॉलेजात बाई शिक्षिका नाही. केमिस्ट्रीचे एक सर पोरींसोबत येतात, भला माणूस, पण त्यांना कबड्डी आणि खो-खो सारखेच. म्हणून आईबाप नागपूरला पाठवायला तयार नव्हते. सरांनी निरोप धाडला, "बाई, तुम्हीच येऊन बोला." निम्म्या पोरी एकाच गल्लीतल्या. रुख्मिणीचा बाप देवराव म्हणेल ते बाकीचे ऐकतात.

देवराव मागावर बसला होता. माग न थांबवता बोलत होता.

"टीव्ही-फिव्हीचं मले समजत नाही, बाई. पोरगी रातच्याले घरी पाहिजे."

"माझ्याजवळ राहतील की एक रात्र. माझी बहीण आहे घरी."

"मुक्काम नाही. मागच्या साली मुक्कामापायीच एका पोरीचं जमलेलं लगन मोडलं. लोकाइच्या तोंडाले हात कोन लावते?"

मग मी म्हटलं, उमरेडची शेवटची एस.टी. आठची आहे. त्यात मी स्वतः बसवून देईन. शब्द देते. तेव्हा माग थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं त्यानं.

"तुमी शब्द देता?"

"देते."

"मंग झालं. सरच्या म्हणण्यावर नसती धाडली, तुमच्या शब्दावर धाडतो."

म्हटलं, तुम्हीही या की सामना पाहायला. "माग कोन चालवन? लगनसराईची लुगडी द्याची हायेत." रुख्मिणीची आई रंभाबाई चहा घेऊन आली, म्हणाली, "बाई, हे शब्दाचे लय कडक हायेत हं. एक खेप इश्वास गेला, का गेला." सामना चारचा. पाचला सगळं आटपतं. मी निर्धास्त परत आले.

६ फेब्रुवारी

टीव्हीवाले मैदान पाहून गेले. माती त्यांना "फिकी" दिसते म्हणे, म्हणून वरून लाल मुरूम टाकला! पोरींचे गुडघे सोलतील, त्याचं काय? चारचं ऊनही चालत नाही, पंख्याचे बोर्ड चमकतात. सामना सहाला, दिव्यांच्या उजेडात. मी एस.टी.चं सांगितलं. "मॅडम, पौन घंटे का तो गेम है। सात बजे फुरसत!" हिशेबाने तेही खरंच.

पास छापलेत. कंपनीचे दुकानदार पुढे बसणार, मागे आपली मंडळी. बिनापासाचं कोणालाही आत सोडू नये, अशी नोटीस फाटकावर लावायची, सेक्रेटरीच्या सहीनं. भैयाजींनी आपलं पेन पुढे केलं. सही ठोकली. मागच्या वर्षी पब्लिक दोऱ्या तोडून मैदानात घुसलं होतं, त्यापेक्षा हे बरं. आमच्या मुलींच्या घरच्यांचे पास वाटून टाकले. उमरेडहून कोणी येणार नाही, असं सर म्हणाले.

८ फेब्रुवारी

आज लिहवत नाही. आम्ही जिंकलो. आग लागो त्या जिंकण्याला!

९ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते. डोक्यात नुसतं घुमतंय.

सहाला पोरी रांगेत उभ्या. कंपनीचे साहेब यायचे होते, विमान लेट. ते आल्याशिवाय सुरू नाही! पोरी उभ्याच. अंगावर नवे बनियन, छातीवर पंखा. सात वाजून गेले तेव्हा साहेब आले, हार झाले, भाषण झालं — "स्त्रीशक्ती आणि शीतल हवा"! मी दात खात बसले होते.

शेवटी शिट्टी वाजली. आणि उमरेडच्या पोरी काय खेळल्या! आमची सुशीला, माझी सगळ्यात चांगली चढाईवाली — रुख्मिणीनं तिला दोनदा घोट्यावर धरलं. दुसऱ्या वेळी कॅमेरावाल्यानं हात वर केला. थांबा! ती पकड नीट आली नाही. परत करून दाखवा! मी उडालेच. पंच वामनराव, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भैयाजींकडे, भैयाजी साहेबांकडे. रुख्मिणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पकड का नाटकातली हाय का, भाऊ?" पण केली तिनं. सुशीलानं मुकाट्यानं पाय पुढे केला आणि हिनं धरला. दोघी हसत होत्या. तेवढाच एक क्षण बरा गेला.

मध्यंतरात दिव्यांचा फ्यूज उडाला. तो बसल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, आणि घड्याळ पाहिलं तर पावणेआठ होत आलेले. दुसरा डाव अर्धाही झाला नव्हता. उमरेड पाच गुणांनी पुढे.

भैयाजींकडे धावले. म्हटलं, तुमची जीप द्या, खेळ संपला की मी स्वतः उमरेडला सोडून येते, दोन खेपा करीन. "जीप साहेबांसाठी आहे, शामलाबाई. आणि एक रात्र राहिल्या पोरी तर काय आभाळ कोसळतं? टीव्हीसाठी!" म्हटलं, सामना उद्या सकाळी पुरा करू. "लाइटवाले उद्या भंडाऱ्याला चाललेत."

उमरेडच्या बाजूला गेले. केमिस्ट्रीचे सर घामाघूम. "तुम्ही म्हणाल तसं, बाई. शब्द तुमचा आहे." वामनरावांकडून वेळ मागून घेतला. पोरींना सांगितलं, चला.

रुख्मिणीला कळेचना. "चला म्हंजे? जितून राहिलो न आमी!"

"एस.टी. जाईल."

"जाऊ द्या न! बाई, खेळू द्या. थोडासाच राह्यला. बापाचं मी पाहून घेतो!"

"तू काय पाहून घेशील? आज तू घरी नाही पोचलीस, तर उद्यापासून तुझ्या गल्लीतली एक पोरगी मैदानावर यायची नाही. ऊठ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की — जाऊ दे. बाकीच्या रडत होत्या, ही नाही.

पुढच्या बाजूला वायरी आणि साहेबांच्या गाड्या. मागच्या दारानं काढलं सगळ्यांना, तीन सायकलरिक्षांत कोंबलं. खेळाच्या कपड्यातच, गुडघे रक्ताळलेले. स्टँडवर पोचलो तर कंडक्टरनं घंटी मारली होती. बसच्या पुढे जाऊन उभी राहिले. "मरता का बाई!" म्हणून ओरडला, पण थांबला. बसल्या. रुख्मिणी खिडकीत होती. मी हात केला, तिनं मान वळवली.

परत आले तर निकाल लागलेला. संघ मैदान सोडून गेला, समोरचा विजयी. कायदाच आहे तो. कॅमेरावाला माझ्या पोरींना म्हणत होता, "हसो, हसो, कूदो!" दोघी-तिघी उड्या मारत होत्या. सुशीला मारत नव्हती. नंतर पंगत बसली. समोर उमरेडची पानं मांडलेली, रिकामी. वाढायला कोणी नाही. माझ्या पोरींनी आपापलं वाढून घेतलं आणि खाली माना घालून जेवल्या.

१२ फेब्रुवारी

आमच्या प्राचार्या कुसुमताईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "काय डोकं चालवलंस गं! बरोबर घड्याळ पाहिलंस!"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि कान तापले. म्हणजे मी आपलं कॉलेज जिंकावं म्हणून पोरींना हुसकलं! म्हटलं, ताई, मी त्यांच्या आईबापांना शब्द दिला होता. "हो हो, दिला असशील." आणि डोळा मिचकावला! पन्नाशीची बाई!

सगळेच तसं समजतात. शिपाईसुद्धा आज जरा जास्तच वाकून नमस्कार करत होता. वर आता आमच्या कॉलेजला नवं मैदान मिळणार, कंपनीच्या पैशातून.

यमुताई म्हणाली, "म्हणू दे न लोकाइले. तू आपला शब्द पाळला का नाही? मंग? जेव आता." तिचं बरोबर आहे. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून विचका केला, पण माझ्या हातून निदान एवढी गोष्ट तरी नीट झाली. त्यावरच झोप लागते.

१९ फेब्रुवारी

मीटिंग. मी सरळ मागणी केली — फायनल परत घ्या. उमरेडच्या मैदानावर, दिवसाउजेडी, टीव्ही नसला तरी चालेल. आमचं कॉलेज हरायला तयार आहे! कुसुमताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी मोठ्यानं म्हटलं, "पाय काहून दाबता?"

भैयाजी शांत. "विजेत्याला जागा, हा नियम कुणाचा? तुमचाच ना? आता तुम्हीच मोडता?" रायपूर-जबलपूरची पत्रं आली आहेत, कार्यक्रम मुंबईला गेला आहे, आता काही बदलत नाही. माझ्या बाजूनं फक्त वामनरावांचा हात वर. उमरेडचं कोणी आलंच नाही. कशाला येतील?

पारशिवनी गेलं, उमरेड गेलं, आणखी दोन गेली. "ब गट काढू पुढेमागे," म्हणे. वामनराव जाताना म्हणाले, "बाई, ब गट म्हंजे आमाले घरी बसवाचा गट." हसले पुन्हा. त्या माणसाच्या हसण्याची आता भीती वाटते.

राजीनामा लिहिला. पर्समध्ये आहे.

२७ फेब्रुवारी

केमिस्ट्रीचे सर विद्यापीठात भेटले. रुख्मिणी मैदानावर येत नाही. कॉलेजातही आली तर आली. घरी कांड्या भरत बसते. स्थळं येत आहेत म्हणे. मैदानावर एका बाजूला आता कोणी म्हशी बांधतं.

म्हटलं, तिला सांगा मी विचारलं होतं. सर म्हणाले, "सांगितलं मी मागच्या वेळी. उठून आत गेली."

बोलू नये माझ्याशी. पण खेळावं की! माझ्यावरच्या रागापायी आपलं नुकसान कशाला करायचं? हे तिला कोण सांगणार? मीच जायला पाहिजे. जाववत नाही.

५ मार्च

राजीनामा देऊन टाकला. भैयाजी म्हणाले, "विचार करा, पुढच्या हंगामात भोपाळला विमानानं जायचं आहे." म्हटलं, तुम्हीच जा, पंख्याखाली बसून!

८ मार्च, शनिवार

लागला कार्यक्रम. शेजारच्या तेलवाल्यांकडे गेलो पाहायला, आमच्याकडे टीव्ही नाही. अर्धी आळी जमली होती.

साहेबांचे हार. भाषण. पंखा. मग कबड्डी — चार मिनिटं असेल नसेल. त्यात रुख्मिणीची पकड, ती परत केलेली. निवेदक म्हणाला, "नागपूरच्या मुलींची ही चपळ पकड पाहा!" मग माझ्या पोरींच्या उड्या. मग पंखा.

उमरेडचं नावसुद्धा घेतलं नाही. तेलवाल्यांची सून म्हणाली, "किती छान खेळल्या वं तुमच्या पोरी!" यमुताई मोठ्यानं म्हणाली, "हिच्या नाही त्या. उमरेडच्या हायेत." आणि मला हाताला धरून घरी घेऊन आली. घरी येऊन मी खूप रडले. तिनं रडू दिलं.

१६ मार्च, रविवार

सकाळी देवराव आला होता. इतवारीत सूत घ्यायला आलो म्हणाला, पत्ता विचारत आमच्या महाल भागात आला. मी कशीबशी म्हणाले, देवराव, मी शब्द पाळला हो, पण —

"तेच सांगाले आलो, बाई. मी त्या दिवशी आलतो."

कुठे?

"मॅचले. माह्या साळ्याचा, कवडूचा कोळशाचा ट्रक रिकामा वापस येनार होता. म्हटलं, टीव्हीचं काम हाय, टाइम लागनच. तुमच्या शब्दापायी पोरीइचा खेळ काहून मोडाचा? खेळ झाला का सगळ्याइले ट्रकात घेऊन जाऊ. फाटकावर आलो, तं चौकीदार म्हणे पास दाखव. म्या म्हटलं, आमच्या शामलाबाईले बलाव. त्यानं कागद दाखवला. म्हणे, बाईचीच सही हाय, वाच. मंग काय, उभा राह्यलो बाहेर. आतला गलका आयकू येत होता. पोरी मांगून गेल्या, ते मले घरी गेल्यावर समजलं."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"रुख्मीले हे सांगतलं नाही म्या. तुमीही सांगू नका. तशीच ती घरात बोलत नाही कोनाशी. म्हणून तुमाले इचारतो." टोपी काढून हातात धरली त्यानं. "निंगाली तवा जितून राह्यली होती का ते?"

मी म्हटलं, हो.